बाळाची हालचाल कमी वाटते, सकाळपर्यंत थांबू का?

विभाग: बाळंतपण आणि बाळ (बेळगाव, खानापूर, निपाणी परिसर)

जांबोटीची_लेक | सोमवार, रात्री ८:५०

नमस्कार. पहिलटकरीण आहे, ३७ आठवडे भरलेत. सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी आले. जांबोटीच्या पुढं आत आमचं गाव, नवरा पुण्याला कामाला. आज दुपारी जेवल्यापासून बाळ नेहमीसारखं हलत नाही. रोज आई दिवा लावते त्या वेळेला उजव्या बरगडीखाली लाथा बसतात, कधी कधी तर मला बसवत नाही. आज ती वेळ गेली आणि काहीच नाही. मधूनच पोटात काहीतरी फिरल्यासारखं होतं, पण ते बाळ आहे की गॅस, कळत नाही.

आई म्हणते, "दिवस भरत आले की जागा कमी पडते, पोरगं गप्पच बसतंय." शेजारच्या काकूंनी गूळपाणी दिलं, ते प्याले. गेल्या आठवड्यात बेळगावात स्कॅन केलं, सगळं ठीक होतं. पुढची तारीख गुरुवारची आहे. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात येते. सकाळपर्यंत थांबले तर चालेल का? रात्रीचं सगळ्यांना पळवायचं जिवावर येतं.

निपाणीची_वैनी | सोमवार, रात्री ८:५७

थांबू नको ग. आधी गाडी बघा, बाकीचं वाटेत बोलू. मला दुसऱ्या खेपेला असंच झालेलं, रात्री अकराला कोल्हापूर गाठलं. बाळ चांगलं होतं, आणि डॉक्टर एका शब्दानं रागावले नाहीत.

सिस्टर_माई | सोमवार, रात्री ९:१२

पोरी, उत्तर आधी सांगते, कारण बाकीचं वाचत बसायला तुला वेळ नाही. आजच जा. गुरुवार नको, सकाळ पण नको.

गाडी येईपर्यंत डाव्या कुशीवर पड. टीव्ही-मोबाईल बाजूला, हात पोटावर, सगळं लक्ष तिथंच. लाथ, ढुशी, कूस बदलणं, सगळं मोजायचं. नुसती उचकी लागल्यासारखे एका तालात झटके बसले तर ते धरायचे नाहीत. दोन तासांत दहा हालचाली भरल्या पाहिजेत असा हिशेब आहे. पण तुझी दुपारपासूनची तक्रार आहे, म्हणून दोन तास पुरे करायला घरी थांबू नको. गाडीत मोज.

आता आईच्या बोलण्याबद्दल. आईवर रागवू नको, आमच्या पिढीला हेच सांगितलं गेलं. मी ३१ वर्षं खानापूर आणि बैलहोंगल तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत नोकरी केली, आणि सुरुवातीची काही वर्षं मी सुद्धा बायकांना हेच सांगत होते. ते चुकीचं आहे. शेवटच्या महिन्यात हालचालीची तऱ्हा बदलते, मोठी लाथ कमी होऊन कूस बदलल्यासारखं, सरकल्यासारखं जास्त वाटतं. पण हालचाल कमी होत नाही. बाळ पोटात झोपतं ते साधारण २० ते ४० मिनिटं, दीड तासाच्या वर क्वचितच. दुपारपासून संध्याकाळपर्यंत झोपत नाही.

वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, मिळणारा प्राणवायू कमी पडायला लागला की बाळ आधी हातपाय हलवणं कमी करतं, असलेली ताकद मेंदूला आणि हृदयाला राखून ठेवतं. म्हणून हालचाल कमी होणं ही खूण ठोके बिघडायच्या आधी मिळू शकते, आणि ती तुझ्याशिवाय कुणालाच कळत नाही. गेल्या आठवड्याचं स्कॅन गेल्या आठवड्याचं. आज काय चाललंय ते त्यात लिहिलेलं नाही.

तायी कार्ड (तपासण्यांचं सरकारी कार्ड), स्कॅनचे कागद, सुती लुगडी, सगळं एका पिशवीत घे. रक्तगट कार्डावर आहे का बघ.

येळ्ळूरकर | सोमवार, रात्री ९:२०

१०८ ला फोन लावून ठेवा, गावातली गाडी मिळाली तर थांबू नका. आणि ताई, दवाखान्यात रात्रपाळीला मराठी समजणारं कुणी नसलं तर हे एवढं पाठ करून ठेवा: "मूवत्तेळु वार. मध्याह्नदिंद होट्टेयल्लि कूसु अलुगाडता इल्ल." म्हणजे ३७ आठवडे, दुपारपासून पोटात बाळ हलत नाही. नुसतं "होट्टे नोवु" म्हणू नका. त्याचा अर्थ पोटदुखी, आणि पोटदुखीची बाई बाकावर बसून राहते. माझ्या बायकोच्या वेळी हे डोळ्यांनी बघितलंय.

माईंनी तायी कार्ड लिहिलंय तेच ते. आपल्याकडं सगळ्या बायका "ताई कार्ड" म्हणतात. कन्नडात तायी म्हणजे आई. कार्डावरचं सगळं कन्नडात आहे म्हणून घाबरू नका, बीपी आणि वजन आकड्यांतच असतं.

जांबोटीची_लेक | सोमवार, रात्री ९:३१

दादाला उठवलं. शेजारची ओम्नी मिळाली. डाव्या कुशीवर अर्धा तास पडले, दोनच हालचाली, त्यातली एक नक्की नाही. निघतोय.

वडगाव_७ | सोमवार, रात्री ९:४०

माझ्या मिस्टरांनी ऑनलाईन मागवलेलं छोटं डॉप्लर घरी आहे. असं वाटलं की मी ते लावते आणि ठोके ऐकून निवांत होते. हे बरोबर आहे ना?

सिस्टर_माई | सोमवार, रात्री ९:५५

नाही. त्या यंत्रात वारेतल्या रक्ताचा सूं-सूं आवाज येतो, आईच्या स्वतःच्या नाडीचा पण येतो. घाबरलेल्या आईची नाडी १२० च्या घरात जाते आणि ती बाळाचीच वाटते. आम्ही ठोके ऐकताना दुसरा हात आईच्या मनगटावर ठेवतो तो याचसाठी. आणि ठोके बाळाचेच असले तरी "आता या मिनिटाला हृदय चालू आहे" एवढंच त्यातून कळतं. हालचाल कमी वाटली तर यंत्र कपाटात ठेवा आणि दवाखाना गाठा.

निपाणीची_वैनी | मंगळवार, सकाळी ६:१०

काही कळलं का? रात्रभर झोप नाही.

जांबोटीची_लेक | मंगळवार, सकाळी ११:२५

बेळगावात आहे. बाळ ठीक आहे. सगळ्यांना हात जोडून नमस्कार.

काल आधी खानापूरला तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. येळ्ळूरकर दादा, तुमचं वाक्य दारातच म्हटलं. सिस्टर लगेच उठल्या आणि मग मराठीतच बोलायला लागल्या! त्यांनी पोट चाचपून बाळाची पाठ शोधली, तिथं डॉप्लर ठेवलं, घड्याळाकडं बघत पूर्ण एक मिनिट मोजलं. १३८. म्हणाल्या, ११० ते १६० चांगले. मग बीपी घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. १५०/१००. थोडं थांबून परत घेतलं, तेवढंच. लघवीत प्रोटीन निघालं. मला काहीच त्रास नव्हता. पायाला सूज होती, ती सगळ्यांनाच येते म्हणून मी सोडून दिलेली. तिथूनच १०८ नं बेळगावला पाठवलं.

इथं पोटावर दोन पट्टे बांधले. एक बाळाच्या ठोक्यांचा, दुसरा पोट कडक होतं का ते बघायचा. हातात एक बटण दिलं, बाळ हललं की दाबायचं. यंत्रातून कागद सरकत होता. पहिली वीस मिनिटं ठोक्यांची रेघ जवळजवळ सरळ. १३८, १४०, १३९. मी त्या आकड्यावरून नजर काढली नाही. दादा कागदाकडं बघेना. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, झोपलं असेल, आणखी वीस मिनिटं ठेवू. मला कुशीवर वळवलं. पस्तिसाव्या मिनिटाला पोटात एक ढुशी बसली, बटण दाबलं, आणि आकडा चढत १५८ ला गेला, थोडा वेळ तिथंच राहिला आणि खाली आला. मग आणखी एकदा. मॅडमनी कागद फाडून घेतला, त्यावर पेनानं दोन गोल केले आणि म्हणाल्या, आज तरी बाळ आनंदात आहे.

पण बीपी आणि प्रोटीनमुळं आणि ३७ आठवडे भरल्यामुळं बाळ पोटात ठेवण्यात फायदा नाही म्हणाल्या. उद्या सकाळी कळा यायचं औषध देणार. सतत मशीन लावून ठेवणार आहेत. त्याचीच आता भीती वाटते. मशीन लावलं की सिझर ठरलेलंच, असं वॉर्डातल्या दोघी म्हणाल्या.

टिळकवाडी_वाचक | मंगळवार, दुपारी १२:४०

ताई, बाळ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. पण वॉर्डातल्या बायका अगदीच खोटं सांगत नाहीत. माझ्या वहिनीला कसलाच त्रास नव्हता, बीपी नाही, शुगर नाही, कळा आपणहून सुरू झालेल्या. एका खाजगी दवाखान्यात (नाव लिहीत नाही) गेल्या गेल्या पट्टे बांधले आणि नऊ तास पाठीवर झोपवून ठेवलं. उठायचं नाही, चालायचं नाही. मग "ठोके खाली जातायत" म्हणून धावपळ करून सिझर. बाळ बाहेर आलं ते मोठ्यानं रडत, रंग गुलाबी. बाळ सुखरूप आहे याबद्दल देवाचे आभारच. पण वहिनी आजही विचारते, ते पोट फाडणं गरजेचं होतं का? तिला उत्तर देणारं कुणी नाही.

हुक्केरीचा_भाऊ | मंगळवार, दुपारी २:०५

मी या विभागात कधी लिहीत नाही. वरचं वाचून लिहितोय.

पाच वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला रात्री कळा सुरू झाल्या. दवाखान्याचं नाव, गावाचं नाव लिहीत नाही. रात्री अकराला भरती केलं, बाराला कळा वाढाव्यात म्हणून सलाईनमधून औषध सुरू केलं. मी बाहेर बाकावर होतो, आई आत. आई सांगते की रात्रभरात ठोके दोनदा ऐकले, एकदा भरती करताना आणि एकदा चारच्या सुमाराला. सकाळी साडेसहाला पाणी गेलं ते हिरवं, शेवाळासारखं. मग सगळे पळाले. बाळ झालं, रडलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलं. मुलगा होता. पूर्ण दिवसांचा, ३ किलोचा.

मशीन होतं तिथं. कोपऱ्यात कापड घालून ठेवलेलं. मला भांडायचं नाही. मला एवढंच विचारायचंय की ठोके किती वेळानं ऐकायचे असतात? त्याचा काही नियम आहे का?

सिस्टर_माई | मंगळवार, दुपारी ४:३०

भाऊ, तुमचं दोनदा वाचलं. नियम आहे. स्पष्ट आहे आणि अवघड पण नाही.

बाईला जोखीम नसेल, कळा आपणहून आल्या असतील, तर पूर्ण कळा सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी ठोके ऐकायचे. बाई जोर द्यायला लागली की दर ५ मिनिटांनी. प्रत्येक वेळी निदान एक मिनिट. आणि कधी ऐकायचं हे सगळ्यात महत्त्वाचं: कळ चालू असताना कान लावायचा आणि ती ओसरल्यावर पुढं अर्धा मिनिट तरी काढायचा नाही. कळेत गर्भाशय आवळतं, तेवढा वेळ वारेतलं रक्त अडतं. तंदुरुस्त बाळ ते सोसतं. ज्याची शिल्लक संपत आली त्याचे ठोके कळेच्या शेवटाला खाली जातात आणि कळ संपल्यावरही लगेच वर येत नाहीत. दोन कळांच्या मधे निवांत ऐकलं तर १४० ऐकू येतात आणि सगळं ठीक वाटतं. मी नवीन मुलींना शिकवताना त्यांचं मनगट धरून ठेवायचे, ठोके ऐकायची नळी लवकर काढू नये म्हणून.

सलाईनमधून कळांचं औषध चालू असेल तर हा साधा हिशेब पुरत नाही. त्या औषधानं कळा फार जवळ येऊ शकतात, दहा मिनिटांत पाचाच्या वर गेल्या तर बाळाला मधे श्वास घ्यायला, म्हणजे रक्त भरून घ्यायला, वेळच मिळत नाही. तिथं पट्टे लावून सतत लक्ष हवं. तुमच्या बहिणीला ते मिळायला हवं होतं. आणि रात्रभरात दोनदा ऐकणं कुठल्याच नियमात बसत नाही. तुमच्या बहिणीनं काही कमी केलं नव्हतं. तिला हे माझ्याकडून सांगा.

आता टिळकवाडीच्या वाचकांचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये बाळंतपणाच्या सूचना काढल्या, त्यात निरोगी आणि आपणहून कळा आलेल्या बाईला सतत पट्टे लावू नयेत असंच म्हटलंय. १३ चाचण्या, ३७ हजारांवर बायका, हे सगळं एकत्र करून पाहिलेलं आहे. सतत मशीन लावलेल्यांत नवजात बाळाला झटके येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण बाळ दगावण्यात किंवा पुढं मेंदूचा लकवा (सेरेब्रल पाल्सी) होण्यात ठळक फरक दिसला नाही, सिझर आणि चिमटा-व्हॅक्यूम लावून बाळ ओढणं मात्र वाढलं. कारण मशीनचा कागद "चांगला" म्हणतो तेव्हा बहुतेक बरोबर असतो, "वाईट" म्हणतो तेव्हा पुष्कळदा बाळ ठीकच असतं. वहिनींच्या बाबतीत काय झालं ते कागद बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही, पण बाई तासन् तास पाठीवर पडली की पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि तेवढ्यानं सुद्धा ठोके खाली जातात. कुशीवर वळवून बघणं पहिलं.

म्हणजे एकीकडं ज्या बाईला गरज नव्हती तिला नऊ तास बांधून ठेवलं, आणि दुसरीकडं जिला गरज होती तिच्या शेजारी मशीन कापडाखाली राहिलं. दोन्हीकडं बाईच्या खाटेजवळ बसून ऐकणारं माणूस नव्हतं. मला नोकरीत सगळ्यात जास्त सलत राहिलं ते हेच. रात्रपाळीला एक नर्स आणि कळा येणाऱ्या चार बायका असतील तर दर पंधरा मिनिटांनी कान कोण लावणार? मशीनपेक्षा आधी माणसं मागा, प्रत्येक तालुक्यात मागा.

जांबोटीच्या लेकी, तू घाबरू नको. तुला बीपी आहे, प्रोटीन आहे, औषधानं कळा आणणार आहेत. मशीन ज्यांच्यासाठी आहे त्यांतली तू आहेस. फक्त विचार, "कुशीवर झोपू का, बसू का?" पट्टे सैल करून बसता येतं.

येळ्ळूरकर | मंगळवार, संध्याकाळी ५:१५

माई, नर्सच्या हाताबद्दल तुम्ही लिहिलं म्हणून आठवलं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देण्याची मोठी चाचणी आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली, जेएनएमसीच्या (बेळगावच्या मेडिकल कॉलेजच्या) लोकांनी केली. २००६ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आली. १६२० बायका होत्या, गोळ्या देणाऱ्या गावातल्या नर्सबाईच होत्या. जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला. विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्या भागातल्या सिस्टरांना नीट शिकवलं आणि साधन दिलं तर काय होतं ते जगानं बघितलंय.

हुक्केरीचा_भाऊ | मंगळवार, रात्री ९:००

माई, तुमचं लिहिलेलं बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, परत एकदा वाच.

जांबोटीची_लेक | गुरुवार, दुपारी ३:१०

मुलगी झाली. काल रात्री १०:४० ला. २ किलो ४००. नॉर्मल.

लिहायला आता बळ आलंय. सकाळी औषध दिलं, दुपारनंतर सलाईन. संध्याकाळी सातच्या सुमाराला प्रत्येक कळेला आकडा ९० पर्यंत खाली जायला लागला. आवाज हळू व्हायचा, ठक... ठक..., मग परत भरभर. त्या आवाजानं माझे हातपाय गार पडले. सिस्टरनी काही न बोलता आधी सलाईनचं चाक बंद केलं, मला डावीकडं वळवलं, बीपी घेतलं, डॉक्टरना हाक मारली. मॅडम येऊन कागदाचा लांब पट्टा दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "खाली जातंय पण झटकन वर येतंय, आणि मधली रेघ अजून नागमोडी आहे. नाळ दाबली जात असेल. थिएटर तयार ठेवा, पण वीस मिनिटं बघू." मी उजवीकडं वळले, परत डावीकडं. डाव्या कुशीला बरं राहिलं. पाणी स्वच्छ होतं. साडेआठला सलाईन परत सुरू केलं, अगदी थेंब थेंब. शेवटी जोर देताना सिस्टर माझ्या पोटावरून हात काढत नव्हत्या. नाळेचा एक वेढा मानेभोवती होता, बाहेर येतानाच सोडवला. लगेच रडली.

नवरा पहाटे पोचला. आई म्हणते, "तुझी ती माई कोण, तिला घेऊन ये एकदा."

एक गोष्ट सांगायची राहिली. मॅडम म्हणाल्या, गुरुवारपर्यंत थांबली असतीस तर तोवर बीपी कळलंच नसतं. आणि आज गुरुवारच आहे.

निपाणीची_वैनी | गुरुवार, दुपारी ३:२२

लेक आली! डोळे भरून आले ग.

वडगाव_७ | गुरुवार, संध्याकाळी ६:००

अभिनंदन! माझा ३१ वा आठवडा आहे. माई, वार पुढच्या बाजूला असली तर हालचाल कमीच कळते ना? मग मी कशी मोजू?

सिस्टर_माई | गुरुवार, रात्री ८:४५

वडगाव, वार पुढं असली की सुरुवातीला हालचाल उशिरा आणि दबकी कळते, पण तुझ्या महिन्यात तुझ्या बाळाची एक वहिवाट ठरलेली असते. ती लक्षात ठेव. शेजारणीच्या बाळाशी तुलना नको, तुझ्या बाळाच्या कालच्या वागण्याशी कर. रोज एकच वेळ धर, रात्री जेवणानंतरची बरी. आणि प्रत्येक तपासणीला पोटावर टेप लावून उंची मोजायला सांग. या महिन्यांत आठवडे जितके तितके सेंटीमीटर, दोन-तीन इकडं तिकडं. वाढ खुंटली तर पहिली शंका तिथं येते.

जांबोटीच्या लेकी, तुझ्या लेकीला माझे आशीर्वाद. आता तुझं ऐक. बाळंत झाल्यावर बीपी संपलं असं समजू नको. तिसऱ्या ते सहाव्या दिवसात ते परत चढू शकतं, तेव्हा तू घरी असशील. गोळ्या दिल्या असतील तर आपल्या मनानं बंद करू नको. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, अंधारी आली, छातीखाली उजवीकडं दुखलं, तर वेळ कुठलीही असो, परत दवाखान्यात. सोडायच्या आधी तायी कार्डावर बीपीचे आकडे आणि गोळ्यांची नावं लिहून घे. घरी सोडायला नगु-मगुची सरकारी गाडी मिळते का विचार.

जांबोटीची_लेक | गुरुवार, रात्री ९:३०

लिहून घेतलं माई. शनिवारी सोडणार म्हणालेत. रविवारी आशाताई बीपीचं मशीन घेऊन घरी येते म्हणाली. दादा आताच पडवीच्या त्या कोपऱ्यात माझी खाट टाकून ठेवतोय, रेंज तिथंच येते म्हणून.